परदेशी परिषदेला निघालात? तिकिटाआधी स्कोमेट बघा

मे महिना लागला की आमच्या संशोधन कक्षाच्या दारात रोज कुणीतरी उभं असतं. हातात अर्ज, कपाळावर घाम, आणि तेच वाक्य: "मॅडम, परवा रात्रीची फ्लाइट आहे, तेवढी एक सही..." अर्जात एक रकाना आहे, 'निर्यात-नियंत्रित वस्तू वा तंत्रज्ञान सोबत नेत आहात का?' त्यात 'नाही' सोडून दुसरं उत्तर मी क्वचितच वाचलंय. लिहिणाऱ्याने प्रश्न वाचलेला असतो की नाही, हा वेगळा विषय. नियंत्रित काय काय आहे, त्याची सरकारी यादी म्हणजे स्कोमेट.

नवी मुंबईतल्या एका विद्यापीठात हे टेबल सांभाळताना जे शिकले, ते नव्याने रुजू झालेल्यांसाठी लिहितेय. सहायक प्राध्यापक, पोस्टडॉक, प्रोजेक्टवरची मुलं, प्रयोगशाळा सहायक, सगळ्यांसाठी. मी वकील नाही. शेवटचा शब्द डीजीएफटीचा, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाचा. पण त्यांच्यापर्यंत जायची गरज आहे की नाही, हे तुम्हाला स्वतःला ओळखता आलं पाहिजे.

पायरी १: 'निर्यात' म्हणजे कंटेनर नव्हे

न्हावा शेवा बंदर इतकं जवळ असल्यामुळे असेल, आपल्याकडे निर्यात म्हटलं की डोळ्यांसमोर ट्रेलरची रांगच येते. कायद्याला मात्र तुमची हँडबॅगसुद्धा पुरते. विदेश व्यापार (विकास व नियमन) कायदा १९९२चा. २०१०च्या दुरुस्तीने त्यात संवेदनशील वस्तू, सेवा आणि तंत्रज्ञान यांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्याच्या जोडीला २००५चा सामूहिक संहाराच्या शस्त्रांबाबतचा कायदा आहे. तो परदेशात असलेल्या भारतीय नागरिकालाही लागू होतो, म्हणजे विमानात बसलात म्हणून सुटलात असं नाही. परवान्याशिवाय नियंत्रित वस्तू बाहेर नेल्याचा त्यातला दंड ३ लाखांपासून २० लाखांपर्यंत जातो.

वस्तू हातात घेऊन जाणं ही निर्यात. डिझाइनची फाइल मेलने पाठवणं हीही निर्यात. परदेशातल्या माणसाला सर्व्हरचा पासवर्ड देणं, फळ्यावर उभं राहून एखाद्या नियंत्रित यंत्राच्या बनावटीची न छापलेली माहिती सांगणं, हेही त्यातच येतं. बॅग उघडून तपासता येते. मेलचं तसं नाही, म्हणून मला बॅगेपेक्षा मेलची जास्त धास्ती.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी स्वतः एका प्रकल्पाचं पूर्ण फोल्डर 'लिंक असेल तो कुणीही उघडू शकेल' अशा सेटिंगवर ठेवून परदेशी भागीदाराला पाठवलं होतं. आत निरुपद्रवी आलेखच होते, हे माझं नशीब. पण पाठवताना मी ते उघडून बघितलं नव्हतं, आणि ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

पायरी २: तिकीट काढायच्या आधी एक कागद घ्या

तिकीट काढल्यावर नव्हे. परत न मिळणारं भाडं भरलेला माणूस कुठल्याही प्रश्नाला 'नाही' लिहितो.

कागदावर चार गोष्टी लिहा. हातात काय नेताय (यंत्र, सेन्सर, ड्रोन, नमुने, सुटे भाग). लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि क्लाउडमध्ये काय आहे. तिथे काय बोलणार किंवा दाखवणार आहात. आणि कुणाला. 'युरोपातली एक लॅब' हे उत्तर नव्हे. संस्थेचं पूर्ण नाव, विभाग, तुम्हाला बोलावणाऱ्याचं नाव, आणि त्या लॅबला पैसा कुठून येतो हे कळलं तर तेही.

यंत्राचा मेक, मॉडेल आणि सिरियल नंबर डेडस्टॉक रजिस्टरमधून उतरवून घ्या, आठवणीतून लिहू नका. त्याच वेळी खरेदीची फाइल काढून बिल बघा. ते कशाला, ते पायरी ५ मध्ये येईल.

पायरी ३: स्कोमेटची यादी उघडा

स्कोमेट म्हणजे विशेष रसायनं, जीव, सामग्री, उपकरणं आणि तंत्रज्ञान यांची भारत सरकारची यादी. डीजीएफटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती दर काही काळाने सुधारली जाते, म्हणून सहकाऱ्याने तीन वर्षांपूर्वी उतरवून ठेवलेली पीडीएफ वापरू नका.

विभागांना ०पासून ८पर्यंत क्रमांक आहेत. ०मध्ये अणुसामग्री येते आणि तिचा परवाना अणुऊर्जा विभाग देतो. ६ म्हणजे लष्करी सामग्री, ती संरक्षण उत्पादन विभागाकडे. बाकीचं डीजीएफटी बघतं. १मध्ये विषारी रसायनं, २मध्ये सूक्ष्मजीव आणि विषं, ५मध्ये क्षेपणास्त्रं, अवकाश आणि ड्रोनचं जग. आपल्यासारख्यांचा पाय बहुतेक वेळा अडकतो तो ८मध्ये. खास पदार्थ, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, दूरसंचार, माहिती सुरक्षा, लेझर आणि सेन्सर, नेव्हिगेशन, सागरी, हवाई, सगळं तिथे आहे. भारत २०१६मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत, २०१७च्या डिसेंबरात वासेनार व्यवस्थेत आणि २०१८च्या जानेवारीत ऑस्ट्रेलिया ग्रुपमध्ये गेला. हे तिन्ही अशा निर्यातीवर मिळून लगाम ठेवणाऱ्या देशांचे गट आहेत, आणि प्रत्येकाची स्वतःची यादी असते. त्यामुळे आपली यादी आता त्या याद्यांच्या बरोबरीने चालते.

वाचायची युक्ती सांगते. वस्तूचं नाव सापडलं म्हणून घाबरू नका आणि सापडलं नाही म्हणून खूश होऊ नका. सगळा खेळ आकड्यांचा असतो. थर्मल कॅमेराच घ्या. भिंतीतली ओल शोधायला सिव्हिलवाले वापरतात तो. वासेनारच्या यादीत त्या जातीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांसाठी सेकंदाला ९ फ्रेमची रेषा आहे. तिच्या आतला कॅमेरा सहसा सुटतो, वरचा अडकतो. दोन्ही दिसायला सारखे, एकाच रंगाच्या पेटीत येणारे. विद्यार्थ्यांच्या रॉकेट क्लबचे जीपीएस रिसीव्हर पाहा: सेकंदाला ६०० मीटरपेक्षा जास्त वेगात चालणारा रिसीव्हर क्षेपणास्त्रांच्या खात्यात मोजला जातो. म्हणून डेटाशीट शेजारी ठेवून यादी वाचायची. आणि हे काम यंत्र चालवणाऱ्यानेच करायचं. मला त्यातला बँडविड्थ कळत नाही, आणि ज्याला कळतो त्याला अर्ज भरायचा कंटाळा असतो, ही आमच्याकडची जुनी अडचण आहे.

जीवशास्त्रवाल्यांनो, तुम्हीही आहात यात. सोनार पूर्वी जिच्यावर सोनं तोलायचे त्या गुंजेच्या बीमध्ये ॲब्रिन असतं. भुईमुगाला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन तयार होतं. दोन्ही नावं ऑस्ट्रेलिया ग्रुपच्या विषांच्या यादीत आहेत. अन्नतंत्रज्ञानाच्या लॅबमध्ये फ्रिजच्या दारात ठेवलेली ती छोटी कुपी 'चाचणीपुरती तर आहे' म्हणून खिशात टाकायची वस्तू नव्हे. एरंडातलं रायसिन तर रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या पहिल्याच अनुसूचीत आहे. ते न्यायचा विचारही करू नका.

ड्रोनवाल्यांना थोडा दिलासा आहे. २०२३मध्ये डीजीएफटीने २५ किलोमीटरपर्यंत पल्ला आणि २५ किलोपर्यंत भार असलेल्या नागरी ड्रोनसाठी सामान्य परवानगीची सोय केली. एकदा घेतली की दर खेपेला वेगळा अर्ज लागत नाही. मात्र ती सोय यंत्रापुरती आहे, त्याचं सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान तिच्यात येत नाही. शिवाय परवानगी आधी घ्यावी लागते, आपोआप मिळत नाही.

पायरी ४: काय मोकळं आहे, तेही समजून घ्या

नाहीतर लोक घाबरून परिषदेलाच जायचे नाहीत. छापून आलेलं, पुस्तकात असलेलं, सगळ्यांना खुलं असलेलं ज्ञान नियंत्रणात येत नाही. मूलभूत वैज्ञानिक संशोधनालाही सूट आहे, पेटंट अर्जापुरत्या किमान माहितीलाही. तुमचा स्वीकारलेला पेपर, पोस्टर, एमएस्सीला शिकवता ते सगळं बिनधास्त बोला.

खरी गडबड पेपर आणि पेपरमागचं सामान यांच्या मधल्या जागेत होते. पेपरात निष्कर्ष छापलेला असतो. न छापलेला कोड, प्रक्रियेतले नेमके तापमान-दाबाचे आकडे, साच्याचं ड्रॉइंग, फसलेल्या प्रयोगांची वही हे मागे उरतं. आणि कंपनीशी गोपनीयतेचा करार करून केलेलं काम असेल, तर 'मूलभूत संशोधन' हा बचाव तुम्ही स्वतःच सही करून सोडून दिलेला असतो. महापे-रबाळ्याच्या कारखान्यांसाठी सल्लागारीची कामं करणारे आमच्यात बरेच आहेत. त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पायरी ५: बिलाच्या तळाशी काय लिहिलंय?

ही गोष्ट आमच्याकडे घडली, म्हणून थोडी लांबवते. एका तरुण सरांना आखातातल्या एका कार्यशाळेत प्रात्यक्षिक द्यायचं होतं. थर्मल कॅमेरा न्यायचा होता. अर्जात अर्थातच 'नाही'. मी सही केली. आमच्या स्टोअरच्या मामांनी मात्र गेट पासशिवाय पेटी सोडली नाही, आणि गेट पाससाठी बिल मागितलं. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: हा माल अमेरिकी सरकारच्या नियंत्रणाखाली आहे आणि ठरलेल्या देशातल्या ठरलेल्या ग्राहकाखेरीज परवानगीशिवाय दुसरीकडे नेता येणार नाही. खरेदीच्या वेळी ते कुणी वाचलं नव्हतं. मीही नाही.

अमेरिकी नियमांत याला पुनर्निर्यात म्हणतात. भारतात आलेली त्यांची वस्तू तिसऱ्या देशात गेली की त्यांचा नियम तिच्यामागे जातो, तुम्ही अमेरिकेत पाऊलही टाकलं नसलंत तरी. व्यावसायिक कामाची साधनं तात्पुरती नेण्यासाठी त्यांच्याकडे काही सवलती आहेत, पण त्या वस्तूवर आणि देशावर अवलंबून असतात. म्हणून विक्रेत्याला लेखी विचारा: या मॉडेलचं निर्यात वर्गीकरण काय, आणि अमुक देशात पंधरा दिवस नेता येईल का? चांगले विक्रेते दोन-तीन दिवसांत उत्तर देतात. सरांच्या फ्लाइटला तीनच दिवस होते. कॅमेरा कपाटात राहिला, सर व्हिडिओ घेऊन गेले. कार्यशाळा चांगली झाली म्हणे.

शब्दांचा एक सापळाही सांगून ठेवते. 'डीम्ड एक्सपोर्ट' आपल्या विदेश व्यापार धोरणात भारतातल्या भारतात होणाऱ्या काही पुरवठ्यांना म्हणतात. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ तिथल्या भूमीवर परदेशी माणसाला नियंत्रित तंत्रज्ञान कळू देणं असा आहे. तिकडच्या यजमानाने मेलमध्ये तो शब्द वापरला तर 'आपण कुठे माल पुरवतोय' असं उत्तर देऊ नका. तुम्हाला कुठल्या यंत्राला हात लावू द्यायचा, एवढंच तो विचारतोय.

पायरी ६: समोरचा कोण आहे

वस्तू यादीत नसली तरी, ती संहारक शस्त्रांच्या कामी लागणार हे तुम्हाला माहीत असेल किंवा तसा संशय घ्यायला जागा असेल, तर ती नियंत्रणात येते. 'मला काय माहीत' हे उत्तर फार वेळ टिकत नाही. इराण आणि उत्तर कोरियाबाबत आपल्या धोरणात वेगळे निर्बंध आहेत. अमेरिकेची स्वतःची संस्थांची काळी यादीही असते. ती बदलत राहते: खाडीपलीकडचं आपलं भाभा अणुसंशोधन केंद्र कित्येक वर्षं तिच्यात होतं, ते जानेवारी २०२५मध्ये काढलं गेलं. म्हणून यजमान संस्थेचं नाव निमंत्रण आल्यावर एकदा तपासा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा.

तिकीट किंवा मुक्कामाचा खर्च यजमान देत असेल आणि तुमची संस्था सरकारी मालकीची वा नियंत्रणाखालची असेल, तर परकीय आदरातिथ्याची गृह मंत्रालयाची परवानगी लागते का, हे आस्थापना विभागाला विचारा. ती वेगळी फाइल असते आणि वेगळा वेळ खाते.

पायरी ७: परवाना लागणार असं दिसलं तर

अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवर, ऑनलाइन. चर्चगेटच्या कार्यालयात खेटे घालू नका, स्कोमेटचं काम दिल्लीच्या मुख्यालयातून चालतं. आयात-निर्यात कोड लागतो आणि तो संस्थेच्या नावावर असावा. वैयक्तिक वापराच्या वस्तूंना कोडातून जी सूट आहे ती स्कोमेटला चालत नाही. सोबत तांत्रिक तपशील, निमंत्रण वा करार, आणि तिकडच्या संस्थेच्या लेटरहेडवर अंतिम वापराचं प्रमाणपत्र, म्हणजे वस्तू तिथे कोण आणि कशासाठी वापरणार हे लिहून दिलेला कागद. बहुतेक उशीर इथेच होतो, कारण तिकडच्या प्राध्यापकाला हा कागद काय आहे तेच माहीत नसतं. मसुदा तुम्हीच तयार करून पाठवा. प्रदर्शनात दाखवून परत आणायच्या वस्तूंसाठी वेगळी तरतूद आहे, तेव्हा अर्जात 'परत येणार' हे ठळक लिहा.

अर्ज आंतरमंत्रालयीन गटापुढे जातो. किती दिवस लागतील याची खात्री कुणी देत नाही. मी सगळ्यांना तीन महिने धरायला सांगते. मिळालेला परवाना २४ महिने चालतो, म्हणजे पुढच्या वर्षीची तीच परिषद त्यात बसू शकते. अर्ज करतानाच तो विचार करा.

पायरी ८: लॅपटॉप

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे स्वतःचा रोजचा लॅपटॉप न्यायचाच नाही. विभागाचा एखादा जुना, स्वच्छ केलेला घ्या आणि त्यात फक्त सादरीकरण आणि छापलेले पेपर ठेवा. बाजारात सर्रास मिळणारी कूटबद्धता, म्हणजे विंडोजबरोबर येणारी डिस्क लॉक करायची सोय वगैरे, तिला सहसा परवाना लागत नाही. पण काही देश आत येणाऱ्या कूटबद्ध उपकरणांवर स्वतःचे नियम लावतात, तेव्हा जायच्या देशाचं बघून घ्या.

आणि हे विसरू नका: लॅपटॉप रिकामा नेला, पण हॉटेलात बसून व्हीपीएनने ऐरोलीच्या सर्व्हरवरून नियंत्रित फाइल उतरवली, तर ती फाइल देशाबाहेर गेलीच. प्रवासाच्या दिवसांपुरता त्या फोल्डरचा प्रवेश संगणक केंद्राला बंद करायला सांगा. पोरं 'विश्वास नाही का' म्हणून रुसतात. रुसू द्या.

पायरी ९: नमुने

आमच्या भागातलं उदाहरण घ्या. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५मध्ये घोषित झालं, २०२२मध्ये रामसर स्थळ झालं. तिथल्या चिखलातले जिवाणू घेऊन परदेशी लॅबमध्ये जायची हौस दरवर्षी कुणाला तरी होते. चिखल आहे, कोण विचारतंय? पहिला प्रश्न वनविभाग विचारतो, कारण अभयारण्यातून चिखलसुद्धा परवानगीशिवाय उचलता येत नाही. मग जैवविविधता कायदा २००२: भारतातली जैविक संसाधनं संशोधनासाठी बाहेर नेताना चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची वाट धरावी लागते, भारतीय संशोधकालाही. सरकारमान्य सहकार्य प्रकल्पांना सवलत आहे, पण तुमचा प्रकल्प खरंच त्यात बसतो का, ते कागदावर दाखवता आलं पाहिजे. त्यानंतर तो जिवाणू स्कोमेटच्या विभाग २मध्ये आहे का. आणि शेवटी तिकडच्या देशाचा आयात परवाना. चार दारं आहेत, आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. माणसाचं रक्त वा ऊती असतील तर आचारसमितीचं प्रकरण आणखी वेगळं.

जमत असेल तर नमुना इथेच तपासा आणि निकाल न्या. निकाल छापायला, परिषदेत मांडायला सहसा अडचण नसते.

पायरी १०: विमानतळ

महागडं यंत्र नेत असाल तर निघताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, नाहीतर परतताना 'हे तिकडून विकत आणलं' असा वाद होतो. बिल, सिरियल नंबर, संस्थेचं पत्र जवळ ठेवा. प्रदर्शनाची बरीच सामग्री असेल तर ती तात्पुरती नेऊन शुल्काशिवाय परत आणण्यासाठी एटीए कार्नेट नावाचा कागद मिळतो, भारतात तो फिक्की ही उद्योजकांची संघटना देते. यातलं काहीही स्कोमेट परवान्याच्या बदल्यात चालत नाही. कस्टमचा शिक्का म्हणजे डीजीएफटीची परवानगी नव्हे.

सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या. १०० वॉट-तासांपर्यंत अडचण नाही, १००ते १६०च्या मधल्या दोनच आणि त्याही विमान कंपनीला विचारून. या सगळ्यासाठी नेहमीपेक्षा एक तास जास्त धरा. पावसाळ्यात ऐरोली पूल आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड मिळून दुसरा तास खातील.

पायरी ११: तिकडे गेल्यावर, आणि आल्यावर

यजमान चांगला असतो. जेवायला नेतो, लॅब दाखवतो, आणि कॉफी पिताना म्हणतो, तुमचा तो कोड पाठवा ना. आपल्याला पाहुण्याला नाही म्हणायची सवय नाही, आणि पाहुणचार घेतल्यावर तर नाहीच. एक वाक्य घोकून ठेवा: "संस्थेला विचारून परत गेल्यावर कळवतो." ते खरंही असतं आणि कुणाला लागतही नाही.

परतल्यावर यंत्र स्टोअरला जमा करा, गेट पासवर आवक नोंदवून घ्या, कागद फाइलला लावा. स्कोमेटच्या निर्यातीचे कागद ५ वर्षं जपावे लागतात. काही चुकून गेलं असेल, एखादी फाइल वा पेनड्राइव्ह, तर त्याच दिवशी लेखी कळवा. लपवलेली चूक पुढच्या ऑडिटला सापडते आणि तेव्हा ती चूक राहिलेली नसते.

पंधरा दिवसांनी तिकडून मेल येतो: भेटून आनंद झाला, तो कच्चा डेटा आणि ड्रॉइंग पाठवाल का? प्रवास संपलेला असतो, अर्जाची फाइल बंद झालेली असते, आणि याच वेळी लोक 'अटॅच' दाबतात. त्या मेलला उत्तर देण्याआधी पायरी २चा कागद पुन्हा काढा आणि तुमच्या संशोधन कक्षात जा. दुपारी एक ते दोन मात्र नको, ती आमची डब्याची वेळ असते.